मागच्या स्प्रिंगा आणि न दिसणारं सामान

तीर्थस्वरूप मामास,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वादासाठी वाकू नकोस, प्लास्टर नवं आहे.) पाय कसा आहे? मामीची नजर चुकवून जिना चढतोस, असं कानावर आलं. आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे सध्या आई माझ्याशी मोजकंच बोलते.

आईला तुला बघायला यायचंय आणि बाबांना स्वतः जोडलेल्या गाडीतूनच यायचंय. खोक्यांतून सुटे भाग मागवून वर्षभर गॅरेजात जुळवलेली ती गाडी दिसायला देखणी आहे. पण गतिरोधक आला की मागची बाजू आधी खाली आपटते, मग उसळते. पहिल्याच फेरीत आईचं डोकं छताला लागलं. "तुमची ही गाडी झाली की मला बोलवा," म्हणून ती उरलेलं अंतर चालत घरी आली. मी नोकरीत कपडे धुण्याच्या यंत्रांची थरथर कमी करते, तेव्हा मागच्या स्प्रिंगांचं काम माझ्याकडे आलं. (यंत्रातले कपडे उलट बोलत नाहीत, एवढाच फरक.)

स्प्रिंग किती कडक हवी, ते बसणाऱ्यांच्या वजनावर ठरतं. मी प्रत्येकाला वजन विचारलं, प्रत्येकाने सांगितलं. गणित केलं, पुन्हा तपासलं, स्प्रिंगा करून घेतल्या, बसवल्या. बाबा पुढे, आई आणि काका मागे बसले, आणि गाडीने फतकल मारली. "एवढं शिकवलं ते ह्यासाठी?" काका आतूनच ओरडले. (त्यांच्या बाजूचं दार फुटपाथच्या कडेला अडकलं होतं.)

गणित बरोबर होतं, म्हणून मी उलट्या बाजूने गेले. स्प्रिंग किती दबली ते पट्टीने मोजलं की वर बसलेल्याचं वजन निघतं. एकेकाला बसवून मोजलं. आईने लग्नातलं वजन सांगितलं होतं, बाबांनी डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणजे व्हायला हवं ते. काकांचा आकडा कुठून आला, याचा शोध लागला नाही. "पट्टीवर काय एवढं बघतेस गं?" आईने विचारलं. मी पट्टी पाठीमागे लपवली, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

कडक स्प्रिंगा मागवायच्या तर कारण द्यायला हवं, आणि कारण तर तिघांच्या रूपाने समोरच बसलेलं. बाबांनी रस्त्याला दोष दिला, काकांनी माझ्या कॉलेजला. शेवटी मी जाहीर केलं की गणितात सामान धरायचं राहून गेलं. "अगं, सामान जड असतं!" काका ताबडतोब म्हणाले. आईनेही मान डोलावली. नव्या स्प्रिंगा बसल्या. काल आई मागे बसून सगळे गतिरोधक पार करून आली आणि रविवारी निघायचं म्हणाली.

तुझी भाची

ता. क. तिघं एका पिशवीनिशी उतरतील. सामान कुठंय, असं कृपा करून विचारू नकोस.

आणखी एक. प्लास्टर निघेपर्यंत तुला आमच्याकडे उचलून आणायचं, असं आईचं ठरलंय. (हे तुला आधी कळवायचं नाही, असंही ठरलंय.) तेव्हा तुझं वजन उलट टपाली कळव. तू सांगशील ते लिहून घेईन, उरलेलं सामानात धरीन.