टिंबामागची मारुंजी

घोटावडे, बुधवार

चि. तारिक यास अन्वरमामाचा सलाम आणि दुआ. सूनबाई नाजनीनचा खोकला थांबला असेल. माझी तब्येत ठीक, डोळे तेवढे लाल आहेत, कारण पुढे येईलच. सकाळपासून सहा फोन केले, तू उचलेनास, म्हणून हे लिहून बहिरूच्या दुधाच्या टेम्पोत देतोय.

तर शुक्रवारी भरे गावात हैबतरावांच्या नातीचं लग्न. दोन कॅमेऱ्यांचं शूटिंग, म्हणजे दोनशे जीबी जागा हवीच. आणि तू स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर बसवलेलं लिनक्स म्हणतंय, डिस्क भरली. हे मी हैबतरावांपुढं बोलून गेलो, तर म्हणाले, "जागा न्हाई तर आदी सांगायचं, मी पौडवाला बघतो." (पौडच्या त्या शूटिंगवाल्याकडं ड्रोन आहे. एका लग्नाचं त्यात फक्त मांडवाचं छप्पर आलं, पण ड्रोन तो ड्रोन.)

मग तू लिहून दिलेली वही काढली. डीयू, एसएच, शेवटी चांदणी, एंटर. एकेका फोल्डरचं वजन आलं: भरे एक्केचाळीस, भरे-नवीन अडतीस, लवळे, मारुंजी-नवीन. (फोल्डरला मी गावाचं नाव देतो. नवरानवरी विसरतात, गाव लक्षात राहतं. त्याच गावात दुसरं लग्न आलं, की पुढं 'नवीन' जोडतो.) सगळं मिळून तीनशेसुद्धा भरेना, आणि डिस्क तर नऊशेच्या वर भरलेली. मधले सहाशे तुझ्या लिनक्सनेच खाल्ले असं मला वाटलं, आणि तसं मी जन्नतला, म्हणजे तुझ्या आईला, कळवलंही.

तुलाही मेसेज टाकला, तर काल दुपारी तुझं उत्तर आलं, की नावाआधी टिंब असलेली फोल्डरं चांदणीला दिसत नाहीत. खाली दिलेली ओळ मारली. टिंबामागं, कचऱ्याच्या फोल्डरात, सहाशे चौदा जीबी! लोक पेनड्राइव्ह नेऊन चार दिवसांनी "चालतंय" म्हणाले, की मी डिलीट दाबून हात झटकायचो. ती सगळी लग्नं तिथं जशीच्या तशी. कचरा नंतर टाकायचाही असतो, हे घरात तुझी मामी रोज ऐकवते, कॉम्प्युटरचं कोण ऐकवणार.

टाकण्याआधी नावं वाचली, तर त्यात मारुंजी. उघडलं, तर शेरवानीत तू. तुझ्या निकाहचं शूटिंग हरवलं तेव्हा "तारिकच्या लिनक्सने गिळलं" असं मीच पाहुण्यांत सांगितलं होतं, आणि तुझी आई वर्षभर तुझ्याशी धड बोलत नाही. कारण त्यात आमचे अब्बा, तुझे नाना, आहेत. तिसऱ्यांदा बिर्याणी घेतायत आणि वाढणाऱ्याला "डॉक्टरला सांगू नको" म्हणतायत. निकाहनंतर दोन महिन्यांनी गेले. मी तेवढाच तुकडा नऊ वेळा पाहिला आणि लई रडलो. डोळ्यांचं कारण हे.

पेनड्राइव्ह पाकिटात आहे. आणखी दोन कॉप्या काढल्या, मगच कचरा टाकला. शुक्रवारचं शूटिंग माझ्याकडंच राहिलं. नाजनीनला दुआ सांग.

तुझा मामा,
अन्वर

ता. क. लिनक्सने काही गिळलं नव्हतं. मारुंजी-नवीनवाले "चालतंय" म्हणाले आणि मी मारुंजी डिलीट केलं. कचऱ्यात डिलीट केल्याची तारीखसुद्धा पडली होती.

ता. क. दुसरं. हे आईला सांगू नको. लिनक्सने गिळलं आणि लिनक्सनेच परत दिलं, असं म्हण. अब्बांना बघून ती तुला माफ करेल, मला करणार नाही. लिनक्सचं काय जातंय, त्याला बहीण नाही.