पॅडनांचा रंग

३ नोव्हेंबर, गुरुवार

आज डॉक्टर लॅव्हेल माझ्या भावाच्या, मॅनसच्या, हातांकडेच बघत बसली. साखरेच्या नेहमीच्या तपासणीला नेलं होतं त्याला, मीच गाडी चालवत. नवी डॉक्टर आहे, वयाने माझ्या मुलीसारखी. म्हणाली, 'नोव्हेंबरात हा सोनेरी रंग कुठून आणलात?'

आमचे बंधुराज खूश. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, 'आम्ही स्पॅनिश आहोत, डॉक्टर. कुणालाही विचारा. चारशे वर्षांपूर्वी त्यांचं आरमार इथल्या किनाऱ्यावर बुडालं, एक खलाशी वाहत आला, आणि आमच्या पॅडनांच्या एका पोरीने त्याला चुलीपाशी बसवलं. पुढचं तुम्हाला कळतंच.'

ती हसली नाही. पहिल्या दोन बोटांचे सांधे दुखतात का, विचारलं. दोर ओढताना? सकाळी उठल्यावर? मॅनसने मान डोलावली. दुखतात, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. रक्त घेतलं, साखरेसाठी नाही, लोखंडासाठी.

परतताना सगळा रस्ता पाऊस. 'लोखंड कमी असणार,' मॅनस म्हणाला. 'म्हणून थकवा येतो.' मलाही तसंच वाटतंय.

६ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मॅनस पुढच्या रांगेत होता. खिडकीतून उजेड मानेवर पडला आणि क्षणभर बाबाच बसलेत असं वाटलं. तीच मान. मधात बुडवून काढल्यासारखी.

बाबा किती देखणे होते! आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात माणसं उकडलेल्या बटाट्यासारखी दिसतात, आणि त्यांत ऑस्टिन पॅडन सोन्याचा. रविवारी टोपी काढून चर्चबाहेर उभे राहिले की बायका उगाच रेंगाळायच्या. आई म्हणते, 'मी माणूस नंतर बघितला, रंग आधी.' आजोबाही तसेच होते म्हणे. लवकर गेले तेही.

मी मात्र आईच्या माहेरच्यांवर गेले. आडनाव मुनेली. मी दुधासारखी, वर ठिपके, एक तास ऊन लागलं की नाक सोललंच. बाबांचा हात धरून जत्रेला गेले की लोक विचारायचे, 'ऑस्टिन, ही कुणाची रे?' ते म्हणायचे, 'हीसुद्धा माझीच, ही अजून भाजायची आहे.' सगळे हसायचे. मीही हसायचे. घरी येऊन उन्हात दगडावर हात पसरून बसायचे.

अजूनही आठवलं की वाईट वाटतं. अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी.

११ नोव्हेंबर

कमी नाही. जास्त. इतकं जास्त की प्रयोगशाळेने पुन्हा तपासून घेतलं.

डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. काही माणसांचं शरीर खाण्यातलं लोखंड शोषतच राहतं, बाहेर टाकायची वाट त्याला ठाऊक नसते. मग ते साठतं. यकृतात, हृदयात, सांध्यांत, इन्शुलिन करणाऱ्या ग्रंथीत. साठलं की गंजायला लागतं, म्हणजे आतल्या आत पेशी जळतात. साखर वाढली की ते जळणं आणखी वाढतं. दोघं एकमेकांना चिथावतात. मॅनसची साखर त्यातूनच आली असावी. आणि कातडीचा रंगही.

'म्हणजे मी फाटकासारखा गंजतोय,' मॅनस म्हणाला.

'हो. पण वेळेत सापडलात.'

मग त्याने विचारलं, 'आणि तो स्पॅनिश खलाशी?'

ती म्हणाली, हा आजार दोन्हीकडून यावा लागतो, आईकडून आणि बापाकडून. आणि जगात सगळ्यांत जास्त आपल्याच बेटावर आहे. 'मिस्टर पॅडन, याहून अस्सल इथलं तुमच्यात काही नसेल.'

बाबा छप्पन्नाव्या वर्षी गेले. साखर होती, पाय सुजायचे, जिना चढताना धाप लागायची, शेवटी हृदय. मॅनस येत्या मार्चमध्ये पंचावन्नचा होईल.

दाराशी पोचल्यावर ती मला म्हणाली, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. मी बाही वर करून तिला दंड दाखवला. 'माझ्याकडे बघा. मी मुनेली आहे.' बघू पुढेमागे.

१२ नोव्हेंबर

आईला सांगायचं नाही. दोघांचं एकमत. आमच्यात असं फारसं होत नाही.

कारण टॉनिक. बाबा थकायला लागले तेव्हा आई दर सकाळी लोखंडाच्या टॉनिकचा मोठा चमचा त्यांच्या तोंडात घालायची. शुक्रवारचा उपास सोडून रोज काळं पुडिंग, म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज, आठवड्यातून दोनदा कलेजी. 'रक्त वाढलं पाहिजे माणसाचं.' बाबा तोंड वाकडं करायचे, आणि मग तिच्याच ॲप्रनला तोंड पुसायचे. ती ओरडायची. घरातला सगळ्यांत गोड आवाज तो. त्या स्वयंपाकघराचा वाससुद्धा आठवतो, चुलीत जळणाऱ्या पीट-मातीचा धूर आणि चरबी.

शेवटच्या वर्षातली बाटली अजून कपाटावर आहे, तळाशी थोडं औषध शिल्लक. आई अजून म्हणते, 'आधी सुरू केलं असतं तर माझा माणूस हाती लागला असता.'

तिला कोण सांगणार?

२१ नोव्हेंबर

पहिलं रक्त काढलं. एक पाइंट, म्हणजे पबमधला बिअरचा मोठा ग्लास. औषध एवढंच, काढत राहायचं, लोखंड उतरेपर्यंत दर आठवड्याला. नर्स डिम्फना म्हणाली, 'दारूही बंद, यकृताला विसावा हवा.' मॅनस म्हणाला, 'म्हणजे पाइंट द्यायचा आणि घ्यायचा नाही? हा कुठला व्यवहार?'

आईला सांगितलं, मेंढ्यांच्या बाजाराला गेलो होतो. 'सोमवारी कसला आलाय बाजार?' म्हणाली. पण पुढे काही नाही.

३० नोव्हेंबर

घोटाळा. मॅनस दमलेला दिसतो — आवाजावरून ओळखलं तिने, डोळ्यांत मोतीबिंदू आहेत — म्हणून आईने शेजारणीकडून नवी बाटली मागवली. आता रोज सकाळी चमचा भरून उभी! एका हाताने त्याची हनुवटी चाचपते, दुसऱ्याने चमचा. पंचावन्नाला टेकलेला घोडा तोंड उघडतो. ती वळली की खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत थुंकतो.

आज त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कडूपणामुळे म्हणाला.

२५ डिसेंबर

नाताळचं गोड पुडिंग, हॅम, शेरीचा केक. मॅनसला मी हळूच टर्कीचं पांढरं मांस वाढलं, जेवणाबरोबर काळा चहा दिला, त्याने लोखंड कमी शोषलं जातं म्हणे. आई बाबांची गाणी आठवत बसली. तीन ओळी आल्या, चौथी आली नाही.

ब्रेड मळताना माझीही बोटं दुखली. दमट हवा.

१७ जानेवारी

रंग उतरतोय. आधी कपाळ, मग मान. मनगटावर अजून आहे. आकडे छान, साखरही ताळ्यावर यायला लागली, डॉक्टर खूश. पबमध्ये मात्र म्हणतात, 'मॅनस, तब्येत बरी नाही का रे? किती पांढरा पडलास!' आयुष्यभर आजारी होता तेव्हा हेवा करायचे. आता बरा होतोय तर चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावायला निघालेत.

आईला अजून पत्ता नाही. तिला माणसं म्हणजे धुक्यातली धुकी.

९ फेब्रुवारी

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आई लहान मुलीसारखी झाली आहे. 'तुम्हा दोघांना धड बघेन एकदा. मॅनसला बघेन. म्हणजे तुमच्या बापाला बघितल्यासारखंच.'

मॅनस बशीत चमचा फिरवत राहिला.

१३ फेब्रुवारी

मॅनस आज रक्त द्यायला गेला नाही. गाडी सुरू करून दहा वेळा हॉर्न वाजवला, बाहेर आला नाही. गोठ्यामागे सापडला.

'आता बास, विने. बरं वाटतंय मला.'

'डॉक्टरने बास म्हटलंय?'

'पट्टी काढल्यावर आई काय बघणार? मुनेलींचा एक पांढरा बोकड.'

'मुनेलींचे बोकड ऐंशी ओलांडतात. पॅडनांचे सोनेरी पंचावन्नात जातात.'

लागलं त्याला. लागावं म्हणूनच बोलले. भिंतीवरचं शेवाळ खरवडायला लागला. मग म्हणाला, 'बाबांचं माझ्याकडे दुसरं काय आहे सांग. बोट विकली. आवाज मला नाही. हा रंग होता.'

मलासुद्धा तो रंग हवा होता, आयुष्यभर. मी म्हटलं, 'बाबांनी तो कबरीत नेला. तूही नेणार आहेस का? आणि आई आहे अजून. तिने दुसऱ्यांदा तेच बघायचं?'

घरात येऊन मी भांडी आपटली. तो जेवला नाही.

१४ फेब्रुवारी

सकाळी गाडीत आधीच बसला होता. डिम्फनाने काल नाही आला म्हणून झापलं. मला म्हणाली, 'आणि तुम्ही कधी तपासून घेणार?' म्हटलं, आईचे डोळे होऊ देत.

७ मार्च

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी. आई दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांना सांगत होती, 'माझा मुलगा बघायला या, स्पॅनिश आहे.' मॅनस बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

८ मार्च

पट्टी निघाली. घरीच, खिडकीपाशी. आईने आधी समुद्र बघितला. मग कुंडी. मग मॅनसला म्हणाली, 'इकडे ये.'

दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून बघत राहिली. 'तुझा रंग कुठे गेला रे?'

ठरलेलं सगळं तोंडात होतं माझ्या, हिवाळा, सर्दी, वय. पण मॅनसने सांगून टाकलं. लोखंड, गंज, सोमवारचा बाजार, बाबा. टॉनिक तो म्हणाला नाही. तिने स्वतःच कपाटाकडे बघितलं.

'म्हणजे मीच भरवत होते.'

'तुला ठाऊक नव्हतं, आई. कुणालाच नव्हतं.'

'गंमत म्हणजे त्याला ते आवडायचं नाही गं,' ती मला म्हणाली. 'मी म्हणायचे, ऑस्टिन, माझ्यासाठी घे. आणि घ्यायचा.'

मग ती रडली. इतकी वर्षं सुकलेली, आज रडली. मॅनस जमिनीवर तिच्या पायांशी बसला. हा आजार दोन्हीकडून आलाय, अर्धा तिच्याकडूनही, हेही त्याने सांगितलं. मला वाटलं, नको होतं सांगायला. पण ती नाक पुसून म्हणाली, 'म्हणजे तो खलाशी निम्मा माझ्या माहेरच्या चुलीपाशी बसला होता तर.'

जरा वेळाने म्हणाली, 'कुंडीतलं ते झाड एवढं का फोफावलंय ते आत्ता कळलं.'

बाबांची बाटली मोरीत ओतली तिने स्वतः. रिकामी बाटली धुऊन परत कपाटावर ठेवली. टाकवली नाही.

९ मार्च

सकाळी ऊन. मी ब्रेड मळत होते, बाह्या वर. आई माझ्याकडे बघतेय असं जाणवलं. कितीतरी वेळ. चहा गार झाला तिचा.

उठून आली, माझा हात पिठातून उचलून खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. स्वतःचा हात शेजारी धरला. पांढरा, मुनेलींचा.

'विने, तुला हा रंग कधीपासून आला?'

आयुष्यभर मी वाट बघितली की हे कुणीतरी म्हणावं. आई घाबरून विचारत होती.

हात धुतले. डिम्फनाला फोन केला.