नानांची सव्वा मूठ

जळगाव, श्रावण १९८८

अभिमन भाऊजींना,

तुमच्या नानांना लकवा मारला, तेव्हा "भावाला शेवटचं बघून जा" असं कळवायला मी हे अंतर्देशीय घेतलं होतं.

काल एरंडोलला घरी आई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायला बसल्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तुम्ही सुरतेला, तरी तुमची काढली. नानांच्या नावाला मात्र हात थांबला. म्हणाल्या, "त्याना नावना घेऊ का नको, व माय?" मला असा राग आला! म्हटलं, त्यांचे तेच देतील. गहू पदरात बांधले आणि आज पहिल्या एसटीने इथे दवाखान्यात नानांकडे आले.

त्यांच्या लुळ्या उजव्या तळहातावर गहू ठेवून म्हटलं, "मिटा." वाकड्या तोंडाने हसले. पुष्कळ दाणे चादरीवर सांडले. पण दोन बोटं वळली, भाऊजी! त्यांत पाव मूठ तरी राहिले.

सव्वातली पाव त्यांनी दिली. वरची मूठ यंदा मी भरते, पुढच्या वर्षी सगळी तेच भरतील.

म्हणून ते कळवत नाही, यात दुसरंच लिहिते. शेवटचं बघायला नका येऊ. रविवारी रोट खायला या.

तुमची वहिनी,
कमल