विहिरीत सोडलेला कॅमेरा

सोनाळा, शनिवार, १४ मार्च. संध्याकाळ.

पाण्याखालचा दिवा घ्यायला हवा होता. दुकानदार म्हणालाही होता, नवशिके असाल तर कॅमेरा स्वस्तातला घ्या, पण दिवा सोडू नका. मला विहिरीतले मासे टिपायचे होते. होत्या तेवढ्या पैशांत कॅमेरा आणि वॉटरप्रूफ केसच बसली. वाटलं, उन्हात भागेल.

आज सकाळी शेजारच्या कमलाबाई धावत आल्या. नवरा विहिरीवर मोटार बघायला गेला, तो परतलाच नाही. "भाऊ, तुमचा पाण्यातला कॅमेरा सोडून पाहा ना!"

दोरीला बांधून सोडला. वर काढून पाहिलं तर आधी हिरवं पाणी, मग नुसता अंधार. दिवा नव्हता ना. काही दिसलं नाही, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा पाहून मी म्हणालो, "खाली कोणी नाही."

"मंग वावरातच असतीन कुठी," म्हणत त्या घोटभर पाणी प्यायल्या. सगळे शेतात शोधायला पांगले. काऊन बोललो मी तसं?

दुपारी पोहणारे उतरले. पहिल्याच बुडीत कमलाबाईंचा नवरा सापडला. कमलाबाई रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तं कोणी नाही म्हटलं होतं, भाऊ."