अंधारातली प्लेट

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार
अंधारातल्या प्लेटवर जंतूंच्या चौदा वसाहती. उजेडातल्या प्लेटवर दोनशे बारा. जंतू तेच, अतिनील दिवा तोच, वेळ तीच – तीस सेकंद. फरक एवढाच की नंतर एक प्लेट काळ्या कागदात गुंडाळली आणि दुसरी तासभर ट्यूबलाइटखाली राहिली. माझीच काहीतरी चूक असणार. प्रयोग पुन्हा लावला.

१४ फेब्रुवारी
पुन्हा तसंच. अकरा आणि एकशे नव्वद.
बन्सीधर सर म्हणाले, "चूक नाही, धम्मशीला. जंतू दुरुस्ती करायलेत." त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. अतिनील किरणांनी डीएनएतली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. जंतूकडे एक एन्झाइम असतं. ते निळा उजेड धरतं आणि त्याच ताकदीवर ती गाठ सोडवतं. उजेड नसला तर दुसरी एन्झाइमं कामाला लागतात. बिघडलेला तुकडा दोन्हीकडून कापतात, काढून टाकतात, जागी नवा भरला जातो.
माणसात कसं, ते विचारलं. "उजेडाचं नाही आपल्यात. कापून काढायचं तेवढं हाय."

१८ फेब्रुवारी
सरांनी जंतूंचा दुसरा वाण दिला. त्याच्यात कापणारं एन्झाइमच नाही. दिव्याखाली फक्त पाच सेकंद ठेवला, मग अंधारात. प्लेट कोरी.

२३ फेब्रुवारी, रविवार
परभणीहून सोनपेठला घरी आले. यशोधरा ओट्यावर उन्हात बसलेली, डोळे मिटून, पाणी गळतंय. दादाची पोरगी, सहा वर्षांची. गालावर, नाकावर, हातावर तिळासारखे डाग. दोन वर्षं मलमं लावणं चालू आहे.
फ्रॉक बदलताना पाहिलं. गळ्याच्या काठाशी डाग थांबतात. पोटावर, पाठीवर एकही नाही. जिथं ऊन लागतं तिथंच.
मला ती कोरी प्लेट आठवली. हातातला फ्रॉक तसाच राहिला.
कोवळ्या उन्हात बसवायला वहिनीला मीच सांगितलं होतं. हाडं मजबूत होतात म्हणून. मी शिकलेली, म्हणून तिनं ऐकलं.

२४ फेब्रुवारी
निघायच्या आधी दादाला आणि वहिनीला बसवून सांगितलं. असा एक आजार असतो, कापणारं एन्झाइम चालत नाही, उन्हानं झालेली इजा भरून येत नाही. पुढं कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. खात्री नाही, पण दाखवायला पाहिजे. तोवर ऊन बंद.
दादा चिडला. "ऊन बंद म्हंजे? सोनपेठमधी ऊन बंद?"
वहिनी उठली, ओट्यावरची चटई गुंडाळून आत आणली.
बसस्टँडवर ती सोडायला आली तेव्हा तिला म्हणाले, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून न्हाई बसवलं, ताई. तिला बरं वाटावं म्हणून बसवलं."
परभणीपर्यंत रडत आले.

५ मार्च
संभाजीनगर. कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून एकेक डाग पाहिला. नाकाजवळचा एक लगेच काढला. रक्त तपासणीला पाठवलं. यशोधरा रडली नाही. डॉक्टरांना म्हणाली, "माझी आत्याबी जंतूंची डॉक्टर हाय."

१९ मार्च
नाकाजवळच्या डागाचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, अजून तरी.
दादानं खिडक्यांना काळी फिल्म लावली. शाळेत जाऊन बाईंना भेटला, तिची जागा भिंतीकडे घेतली. रोज सूर्य उगवायच्या आत तिला शाळेत सोडतो आणि शिपाई येईपर्यंत तिच्याजवळ थांबतो. सुटल्यावर अंगभर झाकून आणतो. फोनवर एवढंच म्हणाला, "लागली सवय."

२ एप्रिल
प्रयोग चालू. आकडे नीट येताहेत. लिहिण्यासारखं काही नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
रक्ताचा रिपोर्ट आला. तोच आजार. ज्या एन्झाइमला कापायला बोलवावं लागतं, त्याला बोलावणारं प्रथिनच तिच्यात नीट बनत नाही. औषध नाही. ऊन टाळलं, दर तीन महिन्यांनी डाग तपासले, तर खूप वर्षं नीट जगतात लेकरं. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं.
मग म्हणाले, बिघाड आईकडूनही आलाय, वडिलांकडूनही. नात्यातलं लग्न का? दादा म्हणाला, हो, मामाची पोरगी. घरी येईपर्यंत तो आणि वहिनी एकमेकांकडं बघत नव्हते.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक दिवस मावळल्यावर निघाली म्हणून यशोधरालाही नेता आलं. निळी साडी नेसवली होती. दादाच्या खांद्यावर बसून तिनं सगळं पाहिलं.
आई दारातच थांबलेली. मी तिच्याजवळ गेले. ती दादाकडं आणि यशोधराकडं बघत हळू बोलली.
"माझ्या पाठचा भाऊ असाच होता. पंडित. असेच डाग. आठव्या वर्षी गेला. लोक नावं ठेवतील म्हणून आमी त्याचं नावच घेतलं न्हाई. आन् थोरल्या भावाच्या पोरीशी सोयरीक मीच जुळवली, शीला. मीच."