शालिग्रामराव बार्सिलोनाला जातात

११ फेब्रुवारी १९३६, जळगाव

डोकं पिकलं! 'मी बोलतो' निराळं, 'तू बोलतोस' निराळं, 'ते बोलतात' आणखी निराळं — आब्लो, आब्लास, आब्लान. आपल्या मराठीतही तसंच आहे म्हणा, पण ते फुकटात मिळालं. भुसावळचे स्पॅनिश पाद्रीबाबा म्हणाले, "हे सरळ क्रियापद. वाकडी पुढे आहेत." झालं!

पण शिकणार. आमच्या जिनातल्या कापसाच्या गाठी बार्सिलोनाला जातात, आणि नाना म्हणालेत — "भाषा शीक, तिथल्या पेढीवर तुलाच बसवतो." रुईच्या धुळीत खोकत जन्म काढायचा नाही मला.

३ मार्च

'जाणे' पाठ केलं. हे वाकडं. बोय — मी जातो. बास — तू जातोस. बा — तो जातो. आंघोळ करताना, जेवताना, जिनात — बोय, बोय! माय म्हणते, "काय कुत्रासारखा भुकी राह्यना रे?"

२४ एप्रिल, आखाजी

कमल सणाला माहेरी आली. झोक्यावरून उतरायला तयार नाही. तिला बार्सिलोनाचं सांगितलं. "दादा, तिथे समुद्र आहे?" वेडी! माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद.

२८ एप्रिल

कमलचा नवरा, शालिग्रामराव, धुळ्याहून तिला न्यायला आले. पुरणपोळी, आमरस, नवं उपरणं. पाटावर बसले नि हात आखडून घेतला. रुसले! जावई रुसणार हे आपण धरूनच चालतो — सायकल मागतील, अंगठी मागतील. हे म्हणाले, "बार्सिलोनाला मला पाठवा. नाहीतर तुमची मुलगी राहू द्या इथेच."

नानांनी जावयाचं ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "बरं."

बरं! माझं काय, हे विचारायलाही कुणाला सुचलं नाही. आणि महाशय आमरस ओरपत जेवले.

मायने मला बाजूला घेतलं — "तू मोठा भाऊ शे. पोर घरमा बशी राहिनी ते लोके काय म्हनतीन?" कमल भांडी घासत होती. मान वर केली नाही. तीही त्यांच्यातलीच!

९ मे

आणि त्यांना शिकवायचं कुणी? मीच! नानांचा हुकूम. शालिग्रामराव खाटेवर लोळत पान चघळतात. "मेहुणे, एवढी रूपं कशाला? एकच सांगा, सगळ्यांना तेच चालवू." एक मात्र झटकन पाठ झालं — किएरो. मला पाहिजे.

बा. तो जातो.

६ जून

गेले. स्टेशनवर हार मीच घातला. पुस्तकही माझंच नेलं. कमलला दिवस गेलेत, ती इथेच राहिली.

बुडो ती बोट! लिहिलं. खोडणार नाही.

२३ जुलै

वर्तमानपत्रात आलं — स्पेनमध्ये लष्कर उलटलं. बार्सिलोनात रस्तोरस्ती गोळीबार. ते तर केव्हाच पोचलेत. नानांच्या तारेला उत्तर नाही.

मायने माझे दोन्ही हात धरले. "भाषा तुलेच येस ना? जाय, लइ ये त्यासले."

आता मी जाऊ! हसलो. शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसलो. मायने हात सोडले.

२५ जुलै

उत्तर नाही. कमल चहा घेऊन आली. कपबशी ठेवली, दार लोटलं. म्हणाली, "दादा, कुणाला सांगू नको. बातमी ऐकली तेव्हा पहिलं हेच मनात आलं — बरं झालं, दादा गेला नाही." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

तिच्या कुंकवाकडे माझ्याने बघवेना.