परमुलखात बाबांना काय म्हणतात

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आटपाडीच्या शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात. वाईच्या तुम्ही, कृष्णेकाठी वाढलेल्या. आमच्याकडचं मचूळ पाणी तुम्ही तोंड वाकडं न करता प्यालात, याचंच आमच्या आयांना कौतुक. शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तकं मिटायला लावून तुम्ही एकच प्रश्न विचारायचात. त्याचं उत्तर गाईडात सापडायचं नाही.

एकदा तुम्ही विचारलंत, पोटासाठी परमुलखातून आलेल्या माणसाशी आपण कसं वागावं? मी ताडकन उठून म्हटलं, "सगळी माणसं समान आहेत, म्हणून प्रेमानं वागावं." तुम्ही हसलासुद्धा नाहीत. "हे पुस्तकातलं झालं. तुझे वडील कुठं असतात?"

"तमिळनाडूत. गलाईच्या दुकानात." सोनं आटवून शुद्ध करायचं ते काम. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील नाहीतर काका त्यासाठी लांब लांब गेलेले.

"तिथले लोक त्यांना काय म्हणत असतील?"

मला रडूच आलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आले की विचार."

दिवाळीला बाबा आले. मला अजून दिसतं. चुलीपाशी बसून ते जेवतायत, आई भाकरी थापतेय आणि मी विचारते.

"पयल्यांदा नावानं कोन हाक मारत न्हवतं," ते म्हणतात. "ए मराठी, हिकडं ये, असं. मग शेजारच्या एका म्हातारीनं नाव इचारलं. त्या दिवशी लय बरं वाटलं बग."

आईचे हात थांबतात. "आवं, कवा बोलला न्हाईसा!"

"कवा कुनी इचारलंच न्हाई."

तोवर बाबा आमच्या घरी आठवडाभराचे पाहुणे असायचे. त्या दिवाळीला आम्ही पहिल्यांदा रोज गप्पा मारल्या.

आता मी कुपवाडला शिकवते. कारखान्यांतल्या कामगारांची मुलं आहेत. यंदा एक नवी मुलगी आली, तर पोरं तिला "ए बिहार" म्हणायला लागली. मी रागावले, माझ्या माघारी पुन्हा तेच. ती शाळा चुकवायला लागली. मग आज ती आलेली पाहून मी पुस्तकं मिटायला लावली आणि विचारलं, तुमचं नाव सोडून भलत्याच नावानं तुम्हाला कधी कुणी हाक मारलीय का? आधी नुसता हशा. मग चिडवण्यात सगळ्यांत पुढं असणारी पोरगी हळूच उठली. "मामाच्या गावात मला काळी म्हनत्यात, बाई. मी जातच न्हाई आता तिकडं." मी त्यावर काही शिकवायला न जाता तास तिथंच संपवला. तेच बरं झालं.

शाळा सुटल्यावर त्याच पोरीनं नव्या मुलीला दारात गाठलं. "तुजं नाव परत सांग की. मला नीट म्हनताच येईना." ती सांगत होती, ही चुकत होती, आणि दोघी हसत होत्या.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, हे मला कळतं. तुम्हाला अभिमान वाटावा म्हणून लिहिला असं वाटलं होतं, पण तसं नाही. त्या दोघी हसत निघून गेल्यावर मला फार एकटं वाटलं, आणि स्टाफरूममध्ये हे सांगावं असं कुणी नव्हतं.